सरकणारी भिंत

सेगेद शहरातल्या प्रयोगशाळेत वेंदेलच्या हाताला तोड नव्हती. माणसाच्या मानेवर त्यानं सोनोग्राफीचा प्रोब टेकवला की तो तसूभर हलायचा नाही, आणि धमनीची भिंत दर ठोक्याला वरखाली होताना पडद्यावर स्वच्छ दिसायची. पण साठी उलटली आणि तोच हात कापायला लागला. कुणाला कळू नये म्हणून पठ्ठ्यानं प्रोब धरायला लोखंडी दांडा बनवून घेतला आणि नवी पद्धत म्हणून वर मिरवलाही.

दांडा लावला त्याच दिवशी त्याचं धाबं दणाणलं. धमनीची भिंत नुसती वरखाली होत नव्हती, ती मानेच्या लांबीच्या दिशेनं पुढं सरकून मागंही येत होती. आणि आता प्रोबला कुणाचा हातच लागलेला नव्हता.

हेच एमेशेनं काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं. प्रयोगशाळेतली नवखी पोर, सगळ्यांसमोर म्हणाली, "वेंदेलकाका, भिंत सरकतेय बघा."

"भिंत नाही गं, तुझा हात सरकतोय," हा म्हणाला. "काल पालिंका जरा जास्त झाली वाटतं? बापावर गेलीस हो."

तिचा बाप दारूनंच गेला होता, आणि ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे हसले. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली.

आता वेंदेलला अन्न गोड लागेना. शेवटी तो बसनं माको गावाला गेला. तिथल्या दवाखान्यात एमेशे गरोदर बायकांची सोनोग्राफी करायची. बायकांच्या रांगेत म्हातारा टोपी हातात धरून बसला, तशी एकीनं विचारलंच, "काका, तुम्हाला कितवा?" तो कसनुसा हसला.

एमेशेनं त्याला आत घेतलं आणि सगळं शांतपणे ऐकलं.

"शोध तुझ्या नावावर लागेल, आपल्या प्राध्यापकांशी बोललोय मी," तो म्हणाला. "परत ये, पोरी."

"एकच सांगा, काका. तेव्हा पडद्यावर तुम्हाला दिसलं होतं का?"

दिसलं होतं. तिच्याही आधी कितीतरी वर्षं त्याच्या स्वतःच्या चित्रणांत ते दिसत होतं. वेंदेलचा हात हलला असं कुणी म्हणू नये म्हणून तो ती चित्रणं गुपचूप पुसून पुन्हा घ्यायचा.

"नाही गं," वेंदेल म्हणाला.

एमेशेनं डोळे पुसले. "मग तुमच्यावर कशाला राग धरू? मला वाटायचं, यांना दिसलं आणि तरीही हे तसं बोलले. इतकी वर्षं उगाच तुम्हाला वाईट समजत बसले. माफ करा मला."

सोमवारी येते म्हणाली. मग तिनं डबा उघडून घरी भाजलेली खारी पोगाचा त्याच्या हातावर ठेवली. "खा आधी. सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या."

वेंदेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती मायेनं समोर उभी होती, म्हणून त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

"छान झालीय," तो म्हणाला.