भटजींच्या मोरीचं पाणी

कसबा पेठेत सोजरबाईच्या परसाइतकं हिरवंगार परस दुसरं नव्हतं, आणि त्याचं सारं श्रेय शेजारच्या यज्ञेश्वरभटांच्या सोवळ्याला होतं.

भटजी पहाटे नदीवर स्नान करून येत. वाटेत कशाला तरी शिवलो असू, या शंकेनं घरी आल्यावर पुन्हा अंघोळ करीत. पूजेआधी एक, जेवणाआधी एक. मध्येच कावळा ओरडला, परटीण दारावरून गेली किंवा मांजरानं रोखून पाहिलं, तर त्याची वेगळी. हे सगळं पाणी मोरीतून निघे, दोन घरांमधल्या भिंतीच्या भोकातून पलीकडे उतरे आणि सोजरबाईच्या वाफ्यांत शिरे. तिथे आंबेहळद होती, कचोरा होता, वाळा होता, कडेला गुलाब होते. भटजींचं पावित्र्य जसजसं वाढे, तसतशी हळद पोसत जाई. भटजींचा देवावर जेवढा भरवसा होता, तेवढाच सोजरबाईचा भटजींवर होता.

सोजरबाई उटणं करून विकायची. नवरा गेनबा सरकारी पागेत घोडी सांभाळायला होता आणि पागेबरोबर उत्तरेत गेला होता. वर्षातून एकदा निरोप यायचा, घोडी सुखरूप आहेत. गेनबाही सुखरूप असणार, असं त्यावरून धरायचं. घरात ती आणि नणंद शकू. पहाटे वाफे खुरपायचे, मग वाळवण घालायचं, उखळात कांडायचं, धोतराच्या मऊ फडक्यातून वस्त्रगाळ करायचं. प्रत्येक नवं उटणं आधी स्वतःच्या हाताला लावून दिवसभर वागवायचं. खाज सुटली नाही, की टोपली डोक्यावर घेऊन शनिवार पेठ, बुधवार पेठ, वाड्यामागून वाडा. उटणं कोरडं, म्हणून ते सोवळ्यातल्या घरांतही चालायचं. धंदा मात्र बिकट. नवरी उजळली तर लोक म्हणत, मुळातच गोरी होती. नाही उजळली तर म्हणत, सोजरीची हळद खोटी.

त्या वर्षी दसरा झाला आणि भटजींचे मेहुणे दिगंबरपंत जेवायला आले. दिगंबरपंत फडावर, म्हणजे सरकारी हिशेबाच्या कचेरीत, कारकून होते. कुठून काय गळतंय हे पाहायची त्यांना नोकरीमुळे सवय लागली होती. हात धुताना त्यांनी मोरीकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग भिंतीपलीकडे डोकावून वाफ्यांकडे.

"भावोजी," ते म्हणाले, "आपण स्नान करता, त्याचं पुण्य कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? माझ्यापाशी."

"आणि पाणी?"

भटजींनी मोरीकडे पाहिलं.

"स्नान आपलं, मंत्र आपले, थंडीत कुडकुडायचं आपण. आणि उजळायची पेठेतल्या पोरी!" दिगंबरपंतांनी हात पुसले. "बघा बुवा. मला काय, मी आपलं सांगितलं."

ते सांगून गेले आणि भटजींना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं भोक चुन्यानं बुजवलं आणि मोरीचं तोंड वळवून पुढच्या बोळात काढलं. मागं काढता येत नव्हतं, कारण मागं आड होता. उजवीकडे काढता येत नव्हतं, कारण उजवीकडे मारुती होता. राहिला बोळ.

सोजरबाई दाराशी आली तेव्हा भटजी ओटीवर पोथी उघडून बसले होते.

"भटजीबाबा, पाणी बंद केलंत?"

"केलं."

"आमच्याकडून काही चुकलं का?"

"चुकलं आमचंच. इतकी वर्षं लक्ष नव्हतं."

"आता हळद भरायच्या दिवसांत पाणी तोडलंत, तर कंद बोटाएवढे राहतील. पाऊस तर सरला. तुळशीचं लगीन लागलं की घरोघरी हळदी सुरू, त्या पार उन्हाळ्यापर्यंत. माझं वर्ष त्याच्यावर हाय."

"ते तू जाण आणि तुझी हळद जाणे. माझ्या अंगावरचं पाणी बाजारात विकायला नाही."

"मी हळद विकते बाबा, पाणी न्हाई विकत."

"हळदीत पाणीच असतं," भटजी म्हणाले आणि पोथीचं पान उलटलं. संवाद संपला, हे कळवायची ती पुणेरी रीत होती.

सोजरबाईनं घरी येऊन पदर खोचला, दोन घागरी उचलल्या आणि कुंभारवेशीचा उतार धरला. नदी काही लांब नव्हती. पण जाताना रिकाम्या घागरीनं उतरायचं आणि येताना भरल्या घागरीनं चढायचं, अशी तिची मांडणी होती. उलट असती तर बरं झालं असतं.

"वहिनी," शकू चौथ्या दिवशी मान चोळत म्हणाली, "बाजारातून आणू की हळद. कांडायची आणि विकायची. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तू काय नवरी हायेस?"

"वन्सं, त्या बाजारच्या हळदीत काय असतं मला ठावं हाय. एका पोरीच्या तोंडावर फोड आला, की पेठेत पुन्हा टोपली उतरवून घेणार न्हाई कुणी."

"मग भटजीच्या तोंडाला लाव. फुकट."

सोजरबाई हसली नाही. वाफा मोठा होता, घागरी लहान होत्या. कडेच्या पानांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते.

इकडे भटजींच्या आयुष्यात एक अडचण शिरली. ती त्यांनीच दारासमोर आणून ठेवली होती, त्यामुळे तिच्यावर ओरडताही येईना.

मोरीचं पाणी बोळात उतरलं, ते बरोबर त्यांच्या उंबऱ्यापुढून आडवं वाहायचं. अंघोळीचं सांडपाणी. त्याला पाय लागला की सोवळं मोडलं. भटजी पहाटे नदीवरून ओलेत्यानं यायचे आणि दारात थबकायचे. उडी मारावी तर वय आडवं यायचं. मारलीच, तर टाचेवर थेंब उडायचा. मग आत जाऊन पुन्हा अंघोळ. त्या अंघोळीचं पाणी पुन्हा बोळात. बोळ वाळायला आला की भटजी देवळात जायला निघत, ओलांडत, थेंब उडे, परत फिरत, अंघोळ करीत, आणि बोळ पुन्हा ओला होई. दुपारपर्यंत त्यांचं देवळात पोचणं होत नसे. मार्गशीर्षाची थंडी पडली तेव्हा भटजी जेवढा वेळ कोरडे असत, तेवढ्यात फक्त जेवत.

हे पहिल्यांदा शकूच्या ध्यानात आलं. ती भिंतीशी बसून ऐकत होती.

"वहिनी, ऐक. पुन्हा घंगाळ वाजलं!"

"वाजू दे. घागर उचल."

"अगं, माणूस विरघळंल!"

एका भल्या सकाळी भिंतीच्या पलीकडून टकटक ऐकू आली. चुना उकरला जात होता. गडीमाणसानं गुपचूप भोक मोकळं करावं, बोळात काही बोलणं होऊ नये, असा भटजींचा बेत दिसला. शकूनं टाळी वाजवली. सोजरबाई मात्र उठली, उखळाशेजारचा जाड दगड उचलून आणला, भोकाच्या आपल्या बाजूला घट्ट बसवला आणि वरून माती लिंपली.

शकू बघतच राहिली. "वेड लागलं का तुला? पाणी येतंय तर येऊ दे की!"

"आलेलं पाणी परत जातं, बघितलंस न्हवं? उद्या पुन्हा कुणी जेवायला येईल, काही सांगून जाईल. मला न जाणारं पाणी पायजे."

"आणि तवर वाफा वाळला तर?"

सोजरबाईनं वाफ्याकडे पाहिलं. निम्मी पानं माना टाकून होती. तिनं मातीचा हात आणखी एकदा फिरवला आणि घागरी घेऊन निघाली. त्या दिवशी ती रोजच्यापेक्षा जास्त खेपा करून आली, आणि रात्री शकूनं तिच्या खांद्याला तेल लावताना एकही टोमणा मारला नाही. शकूच्या स्वभावाचा विचार करता हे लक्षण गंभीर होतं.

दोन दिवसांनी मागल्या दारानं वेणूकाकू आल्या. भटजींची बायको. पदराआड वाटी होती.

"सोजरे, भेगांवर काही आहे का गं? इकडचं अंग पार उललंय. टाचा, कोपरं, पाठ. काल संध्या करताना ओठ फुटला. आचमनाचं पाणी झोंबतंय."

"बसा काकू." सोजरबाईनं कोकणातून आलेलं आमसुलाचं तेल कढवलं, त्यात आंबेहळद उगाळली आणि वाटीत ओतलं. वैर भटजींशी होतं, भेगांशी नव्हतं. "हे लावायचं आणि दिवसभर अंघोळ करायची न्हाई."

वेणूकाकूंनी वाटी खाली ठेवली.

"दिवसभर?"

"तेल मुरायला नको? अंघोळ केली की गेलं वाहून."

"अगं, घरात एक घटका कोरडी जात नाही!" काकू आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगू? घंगाळ घासून घासून माझेच हात फुटलेत." त्यांनी हात पुढे केले. सोजरबाईनं त्यांच्या तळव्यांना तेल चोळलं.

"काकू, बाबांना सांगा, भोक माझ्या बाजूनं बंद हाय. माझी उघडायची तयारी हाय. पण त्यांनी सोताहून यावं, आणि बोळातल्या माणसांसमोर पाणी मला उदक सोडून द्यावं."

वेणूकाकूंचे डोळे मोठे झाले. मग त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "सांगते," त्या म्हणाल्या. "मी चांगलं सांगते."

हातावर पाणी सोडून दिलेलं दान परत घेता येत नाही, हे पुण्यात कुणालाही ठाऊक होतं. यज्ञेश्वरभटांना तर त्याची वर्षानुवर्षांची सवय होती. गाय, धोतरजोडी, छत्री, भोपळा, सगळं त्यांच्याकडे याच वाटेनं आलं होतं. पण त्या प्रत्येक वेळी त्यांचा हात खाली असे.

भटजी आले तेव्हा बोळात कासार, तांबट आणि मारुतीचा गुरव असे चारचौघे जमले होते. शकूनं कुणाला बोलावलं नव्हतं. ती फक्त सकाळपासून प्रत्येकाच्या दारात जाऊन 'बोळात जाऊ नका' असं सांगत होती.

"मी पाणी सोडतो तुझ्याकडे," भटजी ओठ न हलवता म्हणाले, कारण हलवले की दुखत. "पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखं नको बाबा. पूर्वीचं तुटलं. खापराची पन्हळ घाला, तुमच्या मोरीपासून माझ्या वाफ्यापर्यंत. आणि उदक सोडा."

"अगं, ब्राह्मणानं माळणीला दान द्यायचं? शास्त्रात बसतं का?"

"तुम्हीच बघा बाबा. शास्त्र तुमचं, बोळ पण तुमचाच."

भटजींनी बोळाकडे पाहिलं. ओहोळ सावकाश त्यांच्या पायाकडे येत होता. ते एक पाऊल मागे सरले. ओहोळ पुढे आला. ते आणखी सरले आणि पाठ मारुतीच्या कट्ट्याला टेकली.

"पन्हळ घालतो," ते घाईनं म्हणाले.

"आणि उदक?"

"आण पळी."

वेणूकाकूंनी पळी आधीच आणली होती. आता नवीच पंचाईत उभी राहिली. भटजी सवयीनं तळहात पुढे करून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. सोजरबाईही तळहात पुढे करून उभी. दोन रिकामे हात, आणि मध्ये पळी धरून काकू.

"आपण द्यायचंय," काकू म्हणाल्या.

भटजींनी हात मागे घेतला, पळी घेतली आणि अडखळले. दान घेणाऱ्यानं काय म्हणायचं ते त्यांना झोपेतही आठवलं असतं. देणाऱ्यानं म्हणायचं ते समोरचा यजमान म्हणे, तेही भटजी सांगत तसं. स्वतःच्या तोंडून, स्वतःच्या वस्तूबद्दल ते त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी दोनदा सुरुवात केली. तिसऱ्यांदा शेवटचा शब्द आला, 'न मम', माझं नाही. तो उच्चारताना फुटलेला ओठ दुखला, की आणखी काही, हे सांगणं कठीण. पण पाणी सोजरबाईच्या तळहातावर पडलं, आणि अख्ख्या बोळानं ते पाहिलं.

पन्हळ घालायला गवंड्याला पुढचा दिवस लागला. तोवर सोजरबाईनं नदीच्या खेपा थांबवल्या नाहीत. उदक मिळालं म्हणून हळदीची तहान काही भागत नव्हती.

तिसऱ्या पहाटे तिनं मातीचा लिंप फोडला आणि दगड बाजूला ओढला. पलीकडे घंगाळ वाजलं, मंत्र सुरू झाले, आणि थोड्या वेळानं पन्हळीच्या तोंडाशी पाणी दिसलं. गार पडलेल्या हवेत त्यातून वाफ निघत होती. कडेच्या दोन ओळी गेल्या होत्या, त्या काही परत येणार नव्हत्या. मधल्या वाफ्यातले कंद तिनं बोटानं माती उकरून चाचपले. बारीक होते, पण टणक होते. दीड महिना पाणी मिळालं तर भरणार होते.

"हसतीस का?" शकूनं विचारलं.

"हसत न्हाई. त्या ओळीला पाणी कमी पडतंय." सोजरबाईनं खुरपं घेतलं, वाफ्याच्या बांधाचं दारं फोडलं आणि पाणी तिकडे वळवलं.