डावीकडची बाभळीची खुर्ची

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर जानेवारीतल्या एका सकाळी एका शाळेत चला. धारूरच्या घाटाखाली एक गाव आहे. तीन खोल्यांची शाळा, पुढे पत्र्याचा व्हरांडा, अंगणात कडुलिंब. कडुलिंबाखाली पाण्याचे निळे पिंप आहे आणि मुले त्याच्या तोटीखाली ओंजळ धरून पाणी पीत आहेत. आता पिंपाच्या खाली बघा. ते ज्यावर ठेवले आहे, ती मी. मी एक जुनी खुर्ची आहे.

मी अशी पिंपाखाली जन्मले नाही. बद्रीनाथ गुरुजींच्या बांधावरची बाभूळ वादळात पडली, तेव्हा त्यांनी ती शाळेला दिली आणि आप्पा सुताराला बोलावले. आप्पाने आधी एक उंच पाठीची, हातांची खुर्ची केली. मग तो उरलेल्या फळ्यांवर खुणा करू लागला आणि थांबला.

"गुर्जी, दुसरी कावून? एवढ्याशा शाळेला एक अध्यक्ष लई झाला की."

"दुसरी उपाध्यक्षाची," गुरुजी म्हणाले. "देशाला राष्ट्रपती असतात, तसे उपराष्ट्रपती असतात. आपल्या बालसंसदेत तसंच ठेवायचंय."

"म्हंजी स्टेपनी म्हना की. पयलं चाक बसलं की लावायची."

व्हरांड्यातली मुले हसली. गुरुजीही हसले, पण मग ते आप्पाच्या शेजारी भुशातच बसले.

"स्टेपनी पडून असते, आप्पा. उपराष्ट्रपतींना रोजचं काम असतं. ते राज्यसभेचे सभापती असतात. कुणी बोलायचं, कुणी थांबायचं, हे तेच सांगतात. ते स्वतः मत देत नाहीत. पण दोन्हीकडची मतं सारखी पडली, तर निकाल त्यांच्या मतावर लागतो."

"मग तर लई जोखमीची खुर्ची हाय," आप्पा म्हणाला आणि माझ्या पाठीच्या फळीवरून आणखी एकदा रंधा फिरवला. मला हात मात्र केले नाहीत. लाकूड पुरले नाही.

त्या दिवसापासून मी पहिल्या खुर्चीच्या डावीकडे राहिले. दरवर्षी शाळा सुरू झाली की मुले अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडत. शनिवारच्या सभेत अध्यक्ष पहिल्या खुर्चीवर बसे. सभा चालवायची, ती माझ्यावर बसलेल्या मुलाने. पितळी घंटीही त्याच्याच हातात.

निवडणूक झाली की गुरुजी माझ्या पाठीवर हात ठेवून उपराष्ट्रपतींच्या गोष्टी सांगत. पहिले उपराष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन दहा वर्षे त्या पदावर होते आणि पुढे तेच राष्ट्रपती झाले. १९६९ साली राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. देश एक दिवसही बिनराष्ट्रपतीचा राहिला नाही, उपराष्ट्रपती गिरी यांनी काम हाती घेतले. १९७७ साली फखरुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा जत्ती यांनी तेच केले.

"पण एक लक्षात ठेवा," गुरुजी म्हणत. "पद रिकामं होणं वेगळं आणि माणूस गैरहजर असणं वेगळं. रिकामं झालं तर नवी निवडणूक. राष्ट्रपती आजारी असले, दूर असले, तर ते परत येईपर्यंत उपराष्ट्रपतींनी काम सांभाळायचं. ते आले की बाजूला व्हायचं. दिल्लीत त्या दिवसांत सभापतीचं काम दुसरं कुणी पाहतं. आपल्याकडं तेवढी माणसं कुठली? आपल्या उपाध्यक्षानं दोन्ही पाहायचं."

मित्रांनो, हे मी इतक्यांदा ऐकले की मला वाटे, जगात कुणीही विसरले तरी गुरुजी विसरणार नाहीत.

या वर्षी मुलांनी तेजश्रीला अध्यक्ष केले आणि स्वप्नालीला उपाध्यक्ष. तेजश्रीचे आई-वडील ऊसतोडीला जातात. आमच्या गावाची ही नेहमीचीच चूक. जूनमध्ये निवडणूक घेताना कुणाला आठवत नाही की दिवाळी झाली की अर्धा वर्ग कारखान्याच्या वाटेला लागतो.

दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर शाळेपुढे थांबला. तेजश्री उडी टाकून उतरली आणि धावत आत आली.

"सपे, माझा ठराव इसरू नको. सव्वीस जानेवारीला झेंड्याला येनाऱ्या पावन्यापुढं तूच मांड."

"वसतिगृहाचा?" स्वप्नालीने विचारले.

"हां. गावातच जेवाय-झोपायची सोय झाली, तर पुढल्या साली मला जावंच लागनार न्हाई. औंदा सहावी बुडाली, सातवी बुडू द्यायची न्हाई."

"आन तुझी खुर्ची?"

"ती बी राखून ठेव. पाडव्याला येते मी."

जाता जाता तिने पहिल्या खुर्चीची पाठ हाताने पुसली. माझीही पुसली.

जानेवारीत सुंदरराव शाळेत आले. गावातले मोठे शेतकरी. त्यांचा नातू विजयसिंह तेजश्रीच्याच वर्गात आहे. गुरुजींनी त्यांना चहा दिला.

"गुरुजी, व्हरांड्याचे पत्रे गळतेत म्हनं. आमी टाकून देतो नवे," सुंदरराव म्हणाले. "तेवढं सव्वीस तारखेला पावन्याला हार आमच्या इजूच्या हातानं घाला. अध्यक्ष म्हनून दोन शबुद बोलंल बी."

"अध्यक्ष तेजश्री आहे."

"ती तर गेलीय की तोडीला. मग जागा रिकामीच हाय न्हवं?"

मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहत होते. आता ते माझ्या पाठीवर हात ठेवतील, आता ते गिरी आणि जत्ती यांची गोष्ट सांगतील, असे मला वाटले. गुरुजींनी गळक्या पत्र्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तसं पाहिलं तर रिकामीच म्हणायची."

त्याच दुपारी पिंपाचा लाकडी घोडा मोडला. पिंप कशावर ठेवायचे, असे मुलांनी विचारले. गुरुजींनी माझ्याकडे बोट केले. "ही घ्या. हिला हात नाहीत, पिंप नीट बसेल."

बांधावर मला वाढवणारे तेच, आप्पाला माझी किंमत सांगणारे तेच, आणि बोट करणारेही तेच.

तोटी गळत होती. पाणी माझ्या सांध्यांत उतरत होते. एक पाय फुगून सैल झाला होता. पण मित्रांनो, मला पाण्याचे एवढे वाईट वाटले नाही. ज्याने नियम शिकवला त्यानेच तो मोडावा, याचे वाटले. दुसरी खुर्ची रोज झिजते आणि तिची आठवण मात्र अडचणीतच होते. तुमच्या शाळेत अशी खुर्ची असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा. आणि तिच्याविषयी जे शिकवाल, ते पाळा.

सव्वीस जानेवारीच्या आधीचा शनिवार आला. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे दिसत होते. विजयसिंह पहिल्या खुर्चीच्या हातावर रेलून उभा होता. स्वप्नाली घंटी घेऊन जमिनीवर बसली होती.

"ए स्टेपनी," विजयसिंह म्हणाला, "घंटी हिकडं दे. पावन्याला मी किरकेटचं सामान मागनार हाय."

"तेजश्रीचा ठराव वसतिगृहाचा हाय."

"तेजश्री हाय कुटं?"

"मतं घेऊ," गुरुजी घाईने म्हणाले. "अध्यक्षपद रिकामं झालं, असं कुणाला वाटतं?"

हात वर झाले. मग उलट बाजूचे हात वर झाले. ज्यांचे आई-वडील ऊसतोडीला गेले होते आणि जी मुले आजीपाशी राहिली होती, ती सगळी या दुसऱ्या बाजूची. स्वप्नालीने कोणत्याच वेळी हात वर केला नव्हता. गुरुजींनी दोनदा मोजले. दोन्हीकडे सारखेच होते.

"मग चिठ्ठी टाकू," गुरुजी म्हणाले.

"चिठ्ठी कावून, गुर्जी?" स्वप्नाली म्हणाली. "सारखी मतं पडली तर उपाध्यक्षाचं मत असतंय. तुमीच शिकवलंय."

"ते खुर्चीवर बसलेल्याचं, बाळ," गुरुजी खाली बघत म्हणाले. "आता खुर्ची कुठंय?"

स्वप्नाली उठली आणि अंगणात आली. तिने तोटी पूर्ण सोडली. पाणी कडुलिंबाच्या आळ्यात वाहून गेले. मग तिने हलके झालेले पिंप उतरवले, मला उचलले आणि माझा सैल पाय हाताने दाबून धरत वर्गात नेले. गुरुजी वाटेत उभे होते. ते बाजूला सरले, पण माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

तिने मला पहिल्या खुर्चीच्या डावीकडे ठेवले. मी ओली होते, तरी ती बसली.

"जागा रिकामी न्हाई," ती हात वर करून म्हणाली. "तेजश्री गैरहजर हाय."

मग तिने घंटी वाजवली.

"आता वसतिगृहाचा ठराव. कोन बोलनार हाय?"