पापांच्या काळजाची उघाडी

माझे पापा, मिठबावचे कॉन्स्टान्सियो, गेली सहा वर्षं दुसऱ्याच्या हृदयावर जगतायत. कोणाच्या, ते आम्हाला ठाऊक नाही. पापा दर रविवारी त्या माणसासाठी मेणबत्ती लावतात. म्हणूनच तर सगळा घोळ झाला!

यंदा त्यांचे पाय टम्म सुजले. पुण्याच्या डॉक्टर संचिता म्हणाल्या, "हृदयाची एक झडप नीट मिटत नाहीये."

"झडप?" पापा दचकले. "कोणी घातल्यान? घारीन?"

मला हसू आवरेना. डॉक्टरही हसल्या, मग गंभीर झाल्या. बसवलेल्या हृदयाच्या नेहमीच्या तपासणीत बारीक तुकडा काढताना, म्हणजे बायोप्सी करताना, झडपेची एक बारीक दोरी तुटली होती, त्यामुळे रक्त उलटं येत होतं. ऑपरेशन अवघड. छाती पुन्हा उघडायची, त्यात शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून पापा घेतात त्या गोळ्यांमुळे जंतुसंसर्गाची भीती. पण केलं नाही तर हे हृदयही थकणार.

"नको," पापा म्हणाले. "दुसऱ्याचा काळीज आसा ता. माका सांभाळूक दिल्यानी. तेका सुरी लावूक मी कोण?"

डॉक्टर फाइल मिटू लागल्या. आणि मी, गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी द्यायलाही घाबरणारी ट्रिशा, चक्क बोलले!

"पापा, शेजारच्या भाईंच्या शेताची उघाडी मोडली की नीट कोण करता?"

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला आपोआप मिटून खारं पाणी अडवतं.

"मीच. दुसरो कोण?"

"शेत तुजा आसा?"

"नाय गो, भाईंचा. पण खारा पानी आत शिरला तर..."

त्यांचा हात छातीवर गेला.

"उघाडी म्हणा मां, बाय!" ते डॉक्टरांवरच उखडले. "झडप कित्याक म्हणतास? करा. पण घट करा."

सात तास! डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा मास्कचे वळ गालांवर उमटले होते, तरी आधी मलाच शोधत आल्या. "ट्रिशा, तीच झडप नव्या दोऱ्यांनी शिवली. उघाडी मिटतेय."

आठवड्याने इको काढला. आधी प्रत्येक ठोक्याला मागे धावणारा रक्ताचा निळा झोत आता पडद्यावर नव्हताच. बांधावर उभं राहून बघावं तसे पापा बघत राहिले.

"बरा काम केल्यात," ते म्हणाले. आजवर कोणाच्याही कामाला बरं न म्हणणारे माझे पापा! "मिठबावाक येवा, डॉक्टरानु. भाईंची उघाडी दाखयतंय."

"दुरुस्त करायला?"

"नाय, नाय! ती मीच करतलंय."