आगीमागे धावलेली पिकअप

सैनिकांनी हमरस्ता अडवला आणि कादिरची पिकअप वाळूत उतरवली. रणगाड्यांची रांग जायची होती. "यल्ला, यल्ला!" चला, निघा, एवढंच ते ओरडत राहिले. थोडा वळसा घालून पुन्हा रस्त्याला लागू, असं कादिरला वाटलं होतं. पण अंधार पडला तरी रस्ता काही भेटेना. विमानांच्या भीतीनं दिवेही लावता येत नव्हते.

दक्षिणेला सौदीतलं जुबैल, तिथं गाठायचं इस्पितळ. उत्तरेला कुवेतची हद्द, तिथं लढाई. शेजारी त्याची बायको शरीफा पोट धरून बसली होती. दुपारपासून कळा येत होत्या. खिडकीशी आखडून बसला होता सोबतीला घेतलेला दवाखान्यातला कंपाउंडर गोपीनाथ, कराडचा.

कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुरानं आभाळ गिळलं होतं. एक लालसर ठिपका तेवढा दूर, वाळूला टेकून लुकलुकत होता.

"तो बघा सुहेल! दक्षिण सापडली," कादिर म्हणाला. तरुणपणी तो हर्णैच्या गलबतांवर खलाशी होता. हिवाळ्यात या ताऱ्यावर नजर ठेवूनच ते घरी परतायचे.

"म्हणजे आमचा अगस्ती? इतका खाली?" गोपीनाथनं विचारलं. "कराडला चांगला वर असतो की!"

"जसजसं उत्तरेला यावं तसा तो खाली बसतो, गोपीनाथराव. बसऱ्याच्या खेपेला तर पाण्यात पाय सोडून बसायचा."

"मग आज वाळूत लोळतोय म्हणा."

गाडी ठिपक्याच्या रोखानं निघाली. शरीफा बराच वेळ टक लावून बघत होती.

"अहो, हा तारा नाही. विहिरीची आग आहे ही."

"गप गो. मला शिकवतेस?"

"बापाच्या गलबताची वाट बघत मी बंदरावर बसायची. तारा जागच्या जागी थरथरतो. कंदील फुगतो आणि बसतो. हा फुगतोय बघा."

"एवढी वर्षं दर्यावर काढली मी—"

"कंदिलाच्या मागं बसून काढलीत. पुढून कधी बघितलात?"

कादिरनं ब्रेक दाबला. पेट्रोलचा काटा तळाला आला होता. दोन्हीकडं जाण्याइतकं पेट्रोल नव्हतं. शरीफाचं चुकलं असेल तर तो स्वतःच्या हातानं तिला लढाईत नेऊन सोडणार होता. त्याचं चुकलं असेल तर आत्ताही तो तेच करत होता. ठिपका फुगला, बसला, पुन्हा फुगला.

शरीफानं दात आवळले. कळ ओसरली. मग कादिरनं चाक पूर्ण फिरवलं आणि ठिपका पाठीमागे टाकला.

"वहिनी, नीट बघितलंत ना?" गोपीनाथनं हळूच विचारलं.

"तुम्ही पुढं बघा."

पुढं सगळं काळं होतं. बऱ्याच वेळानं धूर विरळ झाला. समोर डावीकडं, उंचावर व्याध चमकला आणि त्याच्या खाली, वाळूपासून मूठभर वर, एक पांढरा तारा जागच्या जागी थरथरत होता. खरा सुहेल. कादिरनं तो बघितला. गाडीचं नाक थोडं त्याच्याकडं वळवलं.

तेवढ्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं. समोरून, हमरस्त्याकडून, ट्रकांची घरघर ऐकू येत होती.

"चाक मी धरते. तुम्ही ढकला," शरीफा म्हणाली.

दोघं गाडीच्या मागं गेले. वाळू टणक होती, गाडी हलली. कादिरचे पाय घसरत होते, श्वास पुरत नव्हता.

"कुठं पोचलो गो?" तो ओरडला.

"डांबर लागलं," आतून आवाज आला. "ट्रक थांबवा. लवकर."