बेटाच्या लाइनवरून येणारा दादाचा आवाज

अरे, त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावरच्या फोन स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती! सॅटेलाइटच्या मशीनची एवढीशी खोली, त्यात अख्खी वस्ती घुसलेली, आणि मधोमध माइक आणि स्पीकरसमोर माझी आई.

"राजा," आई म्हणाली.

श्वासभर शांतता. मग चिरका, लांबून आल्यासारखा आवाज, "राजा."

बायका रडायलाच लागल्या. आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्या बाबाने माइक बंद केला, हात वर केले. "बघा! समुद्राने गिळलेला मी बोलता केला! वरची लाइन आपल्या हातात आहे!"

जसं काही वरच्या लोकाचं सिमकार्ड ह्याच्याच खिशात!

माझा दादा बेटावरचं मोडेम दुरुस्त करायला गेलेला. परतताना वादळात बोट उलटली. तो सापडलाच नाही. आणि तेव्हापासून बेटाची लाइन लावली की हे असं. बाबाचा नियम एकच, फक्त आईने बोलायचं, बाकी सगळे चिडीचूप. आईला शंका येणार कशी? दादा लहानपणापासून तिला असाच छळायचा. ती जे बोलेल तेच बोलायचा, ती झाडू घेऊन मागे लागेपर्यंत.

मग माइक परत चालू झाला, आई म्हणाली, "ये ना रे."

पलीकडून, "ये ना रे."

"बोलावतोय तुला!" माइकवर हात दाबून बाबा ओरडला. "समुद्रात उतर, तो हात धरेल!"

आणि आई उठली रे! अनवाणी. खरंच निघाली.

ताई दारात आडवी झाली. ताई दादाबरोबर ह्याच स्टेशनवर कामाला. तिने तोंडात बोटं घालून सणसणीत शिट्टी मारली. स्पीकरमधून शिट्टी आली.

"दादाला शिट्टी यायची नाही, बाबा."

"आत्म्याला सगळं येतं!" बाबा खाकरला.

स्पीकरसुद्धा ‘सगळं येतं’ म्हणून खाकरला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

ताई हसली नाही. तिने माइक बंद केला आणि कॉम्प्युटरवर बेटावरच्या मोडेमची सेटिंग उघडली. "हे लूपबॅक. लाइन तपासताना लावतात. पाठवलेलं सगळं पलीकडचं मोडेम तसंच परत पाठवतं, इकडचं इकडे, तिकडचं तिकडे. तपासून झालं की काढायचं. दादाने लावलं, तेवढ्यात वादळ दिसलं असेल, काढायचं राहून गेलं. आई, तो तुझाच आवाज आहे गं. वर सॅटेलाइटला जाऊन खाली येतो, म्हणून उशीर लागतो."

"तुला माहीत होतं?" आईने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." ताई म्हणाली. "पण एकटी असताना मी दादा म्हटलं की दादा ऐकू यायचं. आणि हे त्याने केलेलं शेवटचं काम. माझ्याच्याने काढवेना."

ताईने बटण दाबून लूपबॅक काढलं, माइक चालू केला.

आई स्पीकरशी वाकली. "राजा?"

काही नाही. आईने परत हाक मारली. काहीच नाही. बाबा कधी सटकला, बघितलंच नाही कोणी.

मग एकदम, "हॅलो? हॅलो! बेटाच्या दवाखान्यातून नर्स बोलतेय! कधीपासून लावतेय, माझंच बोलणं मला ऐकू येतं! पेशंट सिरियस आहे, बोट पाठवा!"

ताई बोटवाल्याकडे धावली. आई स्पीकरवर हात ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "तरीच. माझी नक्कल करून शेवटी तो हसायचा रे. हा कधी हसलाच नाही."

म्हणून सांगतो, मित्रांनो, दुःखात माणसाला जे हवं तेच ऐकू येतं, आणि बाबा लोक तेवढ्यावरच जगतात. कोणी म्हणालं फक्त तूच बोल, बाकीचे गप्प, तर गप्प बसू नका. एक शिट्टी मारून बघा.