आश्रितांचा रकाना

तीन वाजता फॉर्म घेणं बंद होणार, अन दीड वाजला तरी आमची सोनिका वकिलाच्या टेबलापाशीच. सोनिका म्हणजे माझी सून. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला, म्हणून महानगरपालिकेले उभी राहून राहिली. मी आपली खुर्चीवरून उठू, दारापर्यंत जाऊ, परत येऊन टेकू.

वामनराव वकील शपथपत्र भरत होते. उमेदवाराजवळ काय आहे, नवऱ्याजवळ काय, घरातल्या आश्रितांजवळ काय, सारंच लिहा लागते म्हणे.

"आश्रित कोण?" त्यायनं विचारलं.

"आई," माझा केशव बोलला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अठरा वर्षं डबे पुरवून तुले शिकवलं, अन मी आश्रित?"

"मावशी, कायद्याचा शब्द आहे तो. तुमच्याजवळ काही सोनंनाणं?"

"काही नाही," मी फाडकन बोलली.

सवयच ती. बाईनं आपलं सोनं घरातल्या पुरुषाले सांगू नये, हे माझ्या आईनं शिकवलेलं. बँकेच्या लॉकरात माझं अकरा तोळे आहे. केशवले पत्ता नाही. सोनिकाले आहे, कारण ऑटोत बसवून मले तीच नेते.

वकिलांनी 'निरंक' लिहून कागद सरकवला. "वाचून सही करा. खोटं निघालं तर सजा आहे."

सोनिकानं पेन उचललं, माझ्याकडं पाहिलं. माझ्यापायी पोरगी खोट्यावर सही कराले निघाली होती!

"थांब वं! अकरा तोळे आहे माझं. लिहा."

केशवचं तोंड उतरलं. "घर बांधताना मी दारोदार फिरलो. तवा काहून नाही बोलली?"

"तुह्या बापानं माझ्या पाटल्या न विचारता विकल्या होत्या, म्हणून."

वामनराव खाकरले. "मावशींना आश्रितांतून काढलं, तर त्यांचं सोनं दाखवायची गरज नाही."

गोड वाटलं मले. मानबी राहते, सोनंबी झाकलं राहते. पण सोनिकानं मान हलवली. "आई, डबे बंद होऊन सहा वर्षं झाली. तुमचं औषधपाणी आम्हीच पाहतो. हेबी खोटंच न?"

घड्याळात दोन वाजून गेले होते.

"लिहा मग. आश्रित. अन खाली अकरा तोळे. ठळक लिहा, समोरच्या पार्टीच्या बायकांलेबी वाचता आलं पाहिजे."

सोनिकानं सही केली. फॉर्म द्याले जिना उतरताना केशव एकटाच पुढं निघाला.

"हळू चाल गा," मी ओरडली.

तो थांबला. वळला मात्र नाही.