जांभळीच्या डोहाची मापफळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. लांबीला दोन हात, रुंदीला एक वीत. एका टोकाला माशाचं तोंड टेकवायला उभी पट्टी ठोकलेली, आणि तिथून बरोबर एका हातावर कोरलेली खोल खाच. मला पाहून तुम्हाला वाटेल, ही धुणं आपटायची फळी असेल. तसं वाटलं तरी मी रागावणार नाही. पण एके काळी माझा मान मोठा होता, आणि त्या मानापायी काय घडलं ते सांगितल्याशिवाय मला स्वस्थता नाही.

राजूरच्या पुंजाराम सुतारानं एका मोडक्या दारातून मला काढलं. दत्तोपंत गुरुजी स्वतः त्याच्यासमोर बसून होते. गुरुजी कोतूळच्या शाळेत शिकवायचे. धरणाच्या कामावरचा एक इंजिनिअर बदलून जाताना त्यांना आपली गळाची काठी देऊन गेला होता आणि तिचं वेडही लावून गेला होता. पुढे गुरुजींनी गावातल्या अठरा जणांना गोळा करून मुळाकाठ गळ मंडळ काढलं. त्यात शाळेचा शिपाई होता, दवाखान्यातला कंपाउंडर होता, आणि बाकीचे शेतकरी. ते साल १९६६.

या मंडळाची रीत निराळी. जाळं नाही, गांडुळाचं आमिष नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस आणि लाल लोकर गळाला बांधून खोटी माशी करायची, लांब दोरी हवेत झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अलगद टेकवायची. मासा फसला तर फसला. नदीकाठानं जाणारी माणसं हसायची. "काय गुरुजी, रविवारी बी माशाच मारताय व्हय?" असं विचारून पुढे जायची. गंमत अशी की गुरुजी स्वतः माशाला तोंड लावत नसत. त्यांच्या घरात मासळीचा वासही चालत नव्हता. पकडलेला मासा ते दुसऱ्याला देऊन टाकायचे आणि नदीवर हात धुऊन घरी जायचे.

गळाला मासा लागला की तो माझ्यावर आडवा निजवायचा. खाचेच्या अलीकडे राहिला तर परत पाण्यात, खाचेच्या पलीकडे गेला तर टोपलीत. बारकी पोरं मारायची नाहीत, वाढू द्यायची, असा गुरुजींचा नियम होता. नदीत विषारी साल कुटून टाकणाऱ्यांना मंडळानं दोनदा हुसकावलं होतं. आजूबाजूच्या गावांत मंडळाचं नाव झालं, आणि त्यातला थोडा वाटा माझाही होता, असं मी तेव्हा समजत होते.

कार्तिकात पाणी निवळलं की नदीतल्या जांभळीच्या डोहाकाठी सगळ्या मंडळाचं जेवण व्हायचं. त्या दिवशी जो सर्वांत मोठी खडस पकडेल त्याला मानाचा नारळ. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा आमच्या नदीचा राजा मासा. पुस्तकांत त्याला महाशीर म्हणतात. मग सहादेव पुढे यायचा. तो डोहाशेजारचा शेतकरी, पिसं बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो दाभण तापवायचा आणि त्या खडसेची शेपटी जिथे पोचली तिथे माझ्या अंगावर काळी रेघ ओढायचा. डाग बसताना चटका लागायचा, पण मला त्याचा अभिमान वाटायचा. पहिल्या वर्षीची रेघ माझ्या टोकापासून फक्त दोन बोटं अलीकडे होती.

दुसऱ्या वर्षीची रेघ थोडी खाली आली. गुरुजी म्हणाले, यंदा वारा फार होता. तिसऱ्या वर्षी आणखी खाली आली. तेव्हा ढगाळ हवेला दोष दिला. चौथ्या वर्षी सहादेवानं पिसांचा कोंबडाच बदलला. मला बोलता येत असतं तरी मी काय बोलले असते? मीही वाऱ्यालाच दोष देत होते.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. तुमच्या घरच्या मोठ्यांनी त्याच्या गोष्टी सांगितल्या असतील. त्या कार्तिकात जेवण झालं नाही, रेघही पडली नाही. त्र्याहत्तरच्या चैत्रात मुळा नदीच्या पात्रातून बैलगाड्या जात होत्या. वाहतं पाणी कुठेच नव्हतं. जांभळीच्या डोहात कमरेएवढं हिरवट पाणी तेवढं उरलं, आणि मैलभर नदीतले जिवंत मासे त्या एका डबक्यात दाटीवाटीनं कोंडले गेले. त्यांत मोठ्या खडशी उरल्या होत्या अवघ्या तीन. त्या गेल्या असत्या तर आमच्या नदीतून खडसेचं नाव कायमचं पुसलं गेलं असतं.

जवळच पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. दिवसभर खडी फोडून माणसं अर्धपोटी परतत. एका संध्याकाळी पन्नास-साठ जण डोहाकाठी येऊन बसले. भांडायला कोणी आलं नव्हतं. त्यांच्या वतीनं सहादेवच बोलला, कारण त्याच्या घरचीही दोन माणसं खडीवर होती.

"गुरुजी, पंधरा दिवसांत हे पानी आटंल. मासं कुजून मरतील. त्यापरीस मानसाच्या पोटात जाऊ द्या. आमी तुमच्या नियमाबाहेर जात न्हाई."

गुरुजींचा चेहरा उतरला होता. पण नियम हातात असलेला माणूस लवकर धीर सोडत नाही. ते मला छातीशी धरून उभे राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे. मापानं करू. खाचेपेक्षा मोठे न्या. लहानांना हात लावायचा नाही. टिकली तर तीच टिकतील."

"म्हंजी त्या तीन खडशी आधी कापायच्या," मागून एक बाईचा आवाज आला.

ती छबूबाई होती. डोहापलीकडच्या वाडीतली, साठीच्या घरातली बाई. तिच्या सासरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या नदीत मासे धरले होते. मंडळात बायका नव्हत्या, त्यामुळे ती नेहमी लांबून बघायची. ती पुढे आली, गुरुजींच्या हातातून मला घेतलं आणि खडकावर ठेवलं. मग पहिल्या रेघेवर बोट टेकून एकेक रेघ खाली उतरत आली.

"मला वाचाया येत न्हाई, गुरुजी. पर ह्या रेघा वरसावरसाला खाली उतरत्यात, यवढं दिसतंय. दर साली सगळ्यात मोठी मासळी तुमी काढली. मोठी म्हंजी मादी. आषाढात पानी चढलं की अंडी तीच टाकती. एक आई हजारानं पिल्लं देती, आन तुमी आया खाऊन पोरं राखली."

गुरुजी खाली बसले. त्यांनी माझ्यावरच्या रेघा स्वतःच्या बोटानं मोजल्या. सहा होत्या. हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण इतकी वर्षं मला हाताळणाऱ्या माणसाला तो लागला होता.

"छबूबाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"मला इचारलं कुनी?"

गुरुजी उठले. शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला साऱ्या गावासमोर हे बोलणं किती जड गेलं असेल, ते मी जाणते. ते म्हणाले, "चुकलं माझं. बारीक मासळी लोकांनी न्यावी. या तिघींना आपण वाचवू. कसं ते तुम्ही सांगा."

तीनशे पावलांवर, नदीच्या वरच्या अंगाला, एका कपारीखाली झऱ्याचं कुंड होतं. ते वाडीचं पिण्याचं पाणी. त्यात मासे सोडायचे तर वाडीची हरकत नको. ती जबाबदारी छबूबाईनं घेतली. दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसं डोहात उतरली. बारक्या खडशींतल्या वीसेक घागरीत घालून वर नेल्या. बाकीची मासळी घरोघर समान वाटली, खडीवरच्या माणसांना सर्वांत आधी. मोठ्या तिघी मात्र घागरीत मावणाऱ्या नव्हत्या. त्यांना माझ्यावर निजवलं, वर ओलं गोणपाट घातलं, आणि गुरुजी नि सहादेव मला दोन्ही टोकांना धरून धावले.

पहिली पोचली. तिला पाण्यात सोडताच ती कपारीत शिरली.

दुसरीच्या वेळी वाटेत गुरुजींचा पाय घसरला. ते पडले नाहीत, पण सावरण्यात वेळ गेला. तिच्या अंगाची थरथर थांबली, ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. कुंडाशी पोचल्यावर गुरुजी तिला पाण्यात धरून कितीतरी वेळ पुढेमागे हलवत राहिले. शेवटी छबूबाईनं त्यांच्या हातांतून तिला काढून घेतलं.

तिसरी जगली.

मेलेली खडस छबूबाईनं माझ्यावरच चिरली. पोटात अंडी होती, पिवळी, बाजरीच्या दाण्यांहून बारीक, ओंजळीत न मावणारी. गुरुजी वाकून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. माझ्यावर मोजलेल्या त्या सगळ्या मानाच्या खडशी मला तेव्हा आठवल्या. वासराला दूध पाजून गाय कसायाला द्यावी, तसं आम्ही केलं होतं, आणि वर नारळ वाटले होते.

कुंडातल्या खडशींना वाडीनं पोटच्या पोरीसारखं जपलं. घागर भरायला जाणाऱ्या बायका मूठभर पीठ टाकून यायच्या, स्वतःच्या घरी पिठाची वानवा असताना. त्या आषाढात नदी वाहती झाली आणि कुंडाचं पाणी तिला मिळालं. आश्विनात छबूबाईनं गुरुजींना हाक मारून उथळ पाण्यात बोट दाखवलं. बोटभर लांबीची पिल्लं गोट्यांआडून इकडेतिकडे पळत होती. गुरुजी चपला हातात घेऊन तासभर तिथेच उभे होते.

मंडळानं नियम बदलला. माझ्यावर दीड हातावर दुसरी खाच पडली. तिच्या पलीकडची मासळी नदीची, नजरेलाच तेवढी मोठी दिसली तर तिला पाण्याबाहेरही काढायचं नाही. मानाचा नारळ बंद झाला. काही जण नाराज होऊन मंडळ सोडून गेले. छबूबाई मात्र मंडळात आली आणि आल्या आल्या सगळ्यांच्या चुका काढू लागली.

पुढच्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या कार्तिकात, पुन्हा जेवण झालं. दुपारी गुरुजींच्या काठीला जबर ओढ बसली. काठी कमानीसारखी वाकली. सवयीनं सहादेवानं मला पाण्याशी आणून ठेवलं. पण गुरुजी धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात गेले, हात खाली घातला, गळ सोडवला आणि ती दमलेली मासळी पाण्यातच धरून ठेवली. मग हळूच हात उघडले.

ते रिकाम्या हातांनी काठावर आले तेव्हा छबूबाईनं विचारलं, "केवढी हुती?"

"मोजली नाही," गुरुजी म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मी कोरडीच घरी परतले. चांगलं वागतोय असं वाटत असतानाही माणसाच्या हातून आईच मारली जाते, हे मी अंगावर रेघा सोसून शिकले. तुम्हीही नदीसाठी, झाडासाठी, जनावरासाठी नियम कराल. ते करताना त्याच्याजवळ जन्म काढलेल्या माणसाला आधी विचारा. आणि कधी जांभळीच्या डोहावर आलात, मोठी खडस गळाला लागली, तर मला हाक मारू नका. मी काठावर कोरडी पडून राहीन, आणि त्यातच मला सुख आहे.